एक बिघाड आणि सगळे संगणक बंद: ओपन सोर्सच्या मदतीने हे कसे टाळावे

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल अपडेटमधून बाहेर पडली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली. तरीही तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रे कोलमडली. त्याच कंपनीचे सॉफ्टवेअर चालवणारी लिनक्स आणि मॅकची यंत्रे मात्र चालू राहिली, कारण ती फाइल त्यांच्यासाठी नव्हतीच. ज्यांच्याकडे दोन प्रकारची यंत्रे असतात त्यांना अशा दिवशी ईमेल पाहता येते, दुरुस्तीची माहिती शोधता येते, निम्मे काम पुढे नेता येते.

हा लेख पाच ते पन्नास संगणक आणि दोन-चार सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. उद्दिष्ट एवढेच, की एखादे बिघडलेले अपडेट, एखादा व्हायरस किंवा एका लायब्ररीतली (अनेक सॉफ्टवेअर वापरतात त्या तयार कोडातली) चूक यांमुळे सगळे काम एकाच वेळी थांबू नये. ओपन सोर्समुळे, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमुळे, हे लहान संस्थेच्याही आवाक्यात येते. दुसरी प्रणाली उभी करायला परवाना विकत घ्यावा लागत नाही, आणि तिच्या आत काय काय बसवले आहे ते तपासता येते. यातली तपासण्याची सोय जास्त मोलाची आहे. चार वेगळ्या नावांची सॉफ्टवेअर आतून एकच कोड वापरत असतील तर ती एकाच दिवशी पडतात. म्हणून विविधता मोजताना नावे बाजूला ठेवायची आणि आत सामाईक काय आहे ते शोधायचे.

जवळ काय हवे

- ८ जीबीचे किंवा मोठे दोन पेनड्राइव्ह
- एक जुना पण धडधाकट संगणक. १ जीबी रॅमवरही लहान नेटवर्कचा डीएनएस सर्व्हर (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारा) आरामात चालतो
- बॅकअपसाठी वेगळी डिस्क. सध्याच्या डेटाच्या किमान दुप्पट क्षमतेची
- राउटरचा प्रशासक पासवर्ड आणि डोमेन नोंदणीच्या खात्याचा तपशील
- प्रत्येक एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कची रिकव्हरी की, कागदावर छापलेली
- संस्थेतल्या जबाबदार व्यक्तीची लेखी परवानगी

शेवटून दुसरी वस्तू पुष्कळदा राहून जाते. क्राउडस्ट्राइकच्या बिघाडात अनेक यंत्रे सेफ मोडमध्ये नेऊन हाताने दुरुस्त करावी लागली, आणि जिथे बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-एन्क्रिप्शन) चालू होते तिथे त्याआधी ४८ अंकी की टाकावी लागली. या कीज एखाद्या सर्व्हरवरच साठवल्या असतील तर तो सर्व्हरही त्याच दिवशी बंद असू शकतो. त्यामुळे त्या कागदावर छापून कुलपात ठेवा.

## १. यंत्रांची थरवार यादी करा

एक तक्ता आखा. प्रत्येक यंत्रासाठी एक ओळ, आणि रकाने असे: ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची आवृत्ती, फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत), ब्राउझरचे इंजिन, टीएलएस (नेटवर्कवरची माहिती कूटबद्ध करणारी) लायब्ररी, अपडेट कुठून येतात, लॉगिन कोण तपासते, डीएनएस कोणाचे, कोणती सॉफ्टवेअर सर्वोच्च अधिकाराने चालतात, बॅकअप कुठे जातो.

भरून झाल्यावर तक्ता उभा वाचा. ज्या रकान्यात सगळ्या ओळींत एकच उत्तर आहे तिथे तुमचा सामाईक धोका आहे. त्यांतल्या ज्या गोष्टीशिवाय काम दोन तासांत अडते तिथून सुरुवात करा. सगळे रकाने बदलायला निघालात तर काम कधीच पुरे होणार नाही.

तक्ता भरताना हमखास होणाऱ्या चुका:

ब्राउझर. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी हे सगळे क्रोमियमवर उभे आहेत. हे पाचही ठेवलेत तरी इंजिन एकच. गेको इंजिनाचा फायरफॉक्स ठेवला की दुसरे इंजिन मिळते. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रे उलगडणाऱ्या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनाही तातडीने अपडेट द्यावे लागले. इंजिने वेगळी होती, लायब्ररी एकच होती.

लिनक्सची वितरणे, म्हणजे वेगवेगळ्या गटांनी बांधून दिलेली त्याची रूपे. उबुंटू डेबियनवर आधारलेले आहे आणि मिंट उबुंटूवर. रॉकी आणि आल्मा हे दोघे रेड हॅटच्या वळणाचे. एकाच घराण्यातली तीन वितरणे म्हणजे तक्त्यात जवळपास एकच नोंद.

फाइल सिस्टिम. एका सर्व्हरवर फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच, पण वेगळी ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम), दुसऱ्यावर लिनक्स आणि दोन्हीकडे झेडएफएस, ही जोडी दिसायला विविध आहे. पण ओपनझेडएफएस २.० पासून दोन्हीकडे एकच कोड चालतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये डेटा गुपचूप खराब करणारा दोष उघड झाला तो दोन्ही बाजूंना लागू होता. दुरुस्ती २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांत आली. मूळ डेटा झेडएफएसवर असेल तर बॅकअपची डिस्क एक्स्ट४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमची ठेवा, किंवा उलट करा.

## २. आधी फायली मोकळ्या करा

फायलीच एका सॉफ्टवेअरला बांधलेल्या असतील तर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवून उपयोग नाही. म्हणून हे पाऊल आधी.

आहे त्याच विंडोज किंवा मॅकवर लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि थंडरबर्ड बसवा. लोकांना सवय होऊ द्या. जुनी सॉफ्टवेअर लगेच काढू नका. नवे दस्तऐवज ओडीटी आणि ओडीएसमध्ये, अंतिम प्रती पीडीएफमध्ये, याद्या यूटीएफ-८ सीएसव्हीमध्ये ठेवायला लागा. सीएसव्ही उघडताना एन्कोडिंग विचारणारी चौकट आली की यूटीएफ-८ निवडलेले आहे ना ते पाहा. देवनागरीऐवजी अगम्य चिन्हे दिसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण तेच असते.

जुना दस्तऐवज लिबरऑफिसमध्ये उघडल्यावर पाने सरकतात ती बहुतेक वेळा फॉन्टमुळे. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, केंब्रियाच्या जागी कॅलेडिया, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन हे फॉन्ट बसवा. त्यांच्या अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टइतकीच ठेवलेली असल्याने ओळी जागच्या जागी राहतात. युनिकोड नसलेल्या जुन्या देवनागरी फॉन्टमधला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावाच लागतो. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासा.

मॅक्रो लिहिलेल्या स्प्रेडशीटची वेगळी यादी करा. त्या दुसरीकडे जशाच्या तशा चालतील असे गृहीत धरू नका. मोजक्या असतील तर एक-दोन यंत्रे त्यांच्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

फायलींच्या नावांचाही एक नियम आजच करा. लिनक्सवर लहान आणि मोठ्या लिपीतली इंग्रजी नावे वेगळी मानली जातात. विंडोज आणि मॅकवर सहसा एकच. लिनक्सवर शेजारी नांदणाऱ्या दोन फायली विंडोजवर कॉपी करताना एकमेकींना पुसून टाकू शकतात. अपूर्णविराम (:), प्रश्नचिन्ह आणि तारका विंडोजच्या नावांत चालत नाहीत. इंग्रजी नावे सगळी लहान लिपीत, ही सवय पुरेशी आहे.

## ३. दुसरी प्रणाली निवडा, आणि दोनवरच थांबा

प्रत्येक नवी प्रणाली म्हणजे नवी अपडेट, नवे दोष, नवे शिक्षण. तीन-चार प्रणाली अर्धवट सांभाळण्यापेक्षा दोन नीट सांभाळलेल्या कधीही बऱ्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. दोन प्रणाली एकमेकींची जागा घेऊ शकत असतील तरच टिकाऊपणा वाढतो. काम पुरे व्हायला दोन्ही चालू लागत असतील, तर बिघडण्याच्या जागा दुप्पट होतात. आणि दोन्हीकडे तीच गोपनीय माहिती असेल तर चोराला त्यांतली कमजोर एकच पुरते.

डेस्कटॉपसाठी डेबियनची स्थिर आवृत्ती ही नवख्यांना माझी पहिली शिफारस. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकुचन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेले चोरदार (बॅकडोर) आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सापडले. एसएसएच (दुसऱ्या यंत्रावर दुरून काम करण्याची सुरक्षित वाट) लॉगिनला लागणारा सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर पाहून त्यांनी शोध घेतला होता. ते चोरदार डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचले होते. स्थिर शाखेत जुनीच आवृत्ती असल्याने ती वाचली. जुने पण सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहणारे सॉफ्टवेअर आणि ताजे सॉफ्टवेअर यांची जोडी हीसुद्धा विविधताच आहे.

सर्व्हरसाठी लिनक्सच्या जोडीला ओपनबीएसडी किंवा फ्रीबीएसडी घ्या. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि सी लायब्ररी (जवळपास सगळी सॉफ्टवेअर वापरतात ती मूलभूत लायब्ररी) दोन्ही बदलतात. ओपनबीएसडीत टीएलएससाठी लिबरएसएसएल असते. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या प्रचलित टीएलएस लायब्ररीत हार्टब्लीड ही गंभीर त्रुटी सापडल्यानंतर ती वेगळी काढली गेली. लिनक्सच्याच घरात राहायचे असेल तर अल्पाइन पाहा. तिथे लिनक्सच्या नेहमीच्या ग्लिबसी या सी लायब्ररीऐवजी मसल आहे, आणि सेवा सुरू-बंद करणारी सिस्टिमडी नाही.

बसवण्याचा क्रम:

1. आयएसओ फाइल (बसवण्याची प्रतिमा) उतरवा आणि तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइलवरून काढलेला ओळख-क्रमांक) प्रकल्पाच्या संकेतस्थळावरच्या बेरजेशी जुळवा. बेरजेच्या फाइलवरची डिजिटल सहीही तपासा. आयएसओ आणि बेरीज एकाच जागेहून घेतली असेल तर नुसती बेरीज जुळण्याला फारसा अर्थ नसतो.
2. पेनड्राइव्हवर प्रतिमा लिहिताना डिस्कचे नाव दोनदा वाचा. चुकीची डिस्क निवडली तर तिच्यावरचे सगळे जाते.
3. आधी लाइव्ह पद्धतीने, म्हणजे डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरूनच, चालवा. वाय-फाय, आवाज, झाकण मिटून उघडल्यावर जागे होणे, प्रिंटर, प्रोजेक्टर हे सगळे तपासा.
4. पहिल्या फेरीत फक्त दोन यंत्रे बदला. ज्यांना शिकायची हौस आहे त्यांची.
5. पुढे प्रत्येक विभागात निदान एक यंत्र दुसऱ्या प्रणालीचे राहील असे वाटप करा. सगळी लिनक्स यंत्रे एकाच खोलीत गेली तर हेतूच फसतो.

एकाच यंत्रावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवणे शिकायला चांगले, पण आधार म्हणून तोकडे. डिस्क एक, बूटची व्यवस्था एक. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अशा काही यंत्रांवरचे लिनक्स बूट होईनासे झाले होते. तरी ठेवायचेच असेल तर विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर लिनक्सला तिची डिस्क फक्त वाचता येते. घड्याळ काही तासांनी चुकू लागले तर कारण असे, की विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरून चालते. दोघांपैकी एकाची सेटिंग बदला.

## ४. डीएनएस आणि वेळ

डीएनएस पडले की इंटरनेट चालू असूनही सगळे बंद वाटते. कमी खर्चात सर्वांत जास्त फायदा याच थरात होतो, म्हणून इथे वेळ द्या. मूळ (रूट) डीएनएस, म्हणजे जिथून नावांचा शोध सुरू होतो ते सर्व्हर, चालवणाऱ्यांनीही अशीच विविधता आणली आहे. के-रूट हा त्यांतला एक सर्व्हर २००३ मध्ये बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरवरून एनएसडी या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर नेला गेला; सगळे मूळ सर्व्हर एकाच सॉफ्टवेअरवर राहू नयेत हा एनएसडी लिहिण्यामागचा हेतूच होता.

आतल्या नेटवर्कसाठी. एका यंत्रावर अनबाउंड, दुसऱ्यावर नॉट रिझॉल्व्हर किंवा बाइंड ९ बसवा; ही तिन्ही रिझॉल्व्हर, म्हणजे नावांचे पत्ते शोधून देणारी, सॉफ्टवेअर आहेत. दोन्ही यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टिम शक्यतो वेगळ्या असू द्या. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (यंत्रांना नेटवर्कची माहिती वाटणाऱ्या सेवेत) दोन्ही पत्ते द्या. पहिला सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहिला की नवख्यांना धक्का बसतो: पाने उघडतात, पण रेंगाळत. लिनक्सवर ग्लिबसी पहिल्या सर्व्हरची ५ सेकंद वाट पाहते आणि मग दुसऱ्याकडे वळते, तेही बहुधा प्रत्येक शोधाला. ही मुदत १ सेकंद करा. सर्व्हरची यादीही तीनच पत्त्यांपर्यंत वाचली जाते. चौथा लिहून उपयोग नाही.

स्वतःच्या डोमेनसाठी. मुख्य सर्व्हर एका सॉफ्टवेअरवर, दुय्यम दुसऱ्यावर आणि वेगळ्या नेटवर्कवर. झोनची (डोमेनच्या सगळ्या नोंदींची) प्रत दुय्यमकडे नेताना चार ठिकाणी गाडी अडते:

- बदल केला पण झोनचा अनुक्रमांक वाढवला नाही. दुय्यम जुनीच प्रत देत राहतो.
- फायरवॉलमध्ये ५३ क्रमांकाचे पोर्ट फक्त यूडीपीसाठी उघडले. झोनची प्रत टीसीपीवरून जाते.
- टीसिग की (दोन सर्व्हरांनी एकमेकांना ओळखण्याची गुप्त की) बरोबर असूनही नकार येतो. दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की सही अमान्य होते.
- एक्स्पायरची मुदत फार कमी ठेवली. मुख्य सर्व्हर बंद पडल्यावर दुय्यम तेवढाच काळ उत्तरे देतो. १२०९६०० सेकंद, म्हणजे १४ दिवस ठेवा.

या उपायाला मर्यादा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेला कीट्रॅप हा दोष डीएनएससेकच्या (डीएनएसची उत्तरे सहीने खरी ठरवण्याच्या मानकाच्या) नियमांतूनच उद्भवला होता. त्यामुळे ते नियम पाळणारी जवळपास सगळी रिझॉल्व्हर सॉफ्टवेअर एकदम सापडली. चूक मानकातच असेल तर त्याची वेगवेगळी रूपे वाचवू शकत नाहीत. तिथे झटपट अपडेट हाच इलाज.

वेळ. घड्याळ जुळवण्यासाठी क्रोनी बसवा आणि किमान चार स्रोत द्या. दोनच असतील आणि त्यांच्यात फरक पडला तर कोण चुकले हे ठरवता येत नाही. गूगलचे वेळ-सर्व्हर लीप सेकंद (घड्याळात अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद) पसरवून देतात, इतर बहुतेक देत नाहीत. हे दोन प्रकार एकत्र करू नका.

## ५. बॅकअप वेगळ्या घरात ठेवा

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मेर्स्क या जहाज कंपनीचे जवळपास सगळे डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे केंद्रीय सर्व्हर) पुसले. घाना इथल्या कार्यालयातला एक वाचला, कारण वीज गेल्यामुळे तो त्या वेळी नेटवर्कवर नव्हता. एकमेकांशी सतत जुळवून घेणाऱ्या प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. बिघाडही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोचतो.

रेस्टिक किंवा बोर्ग ही ओपन सोर्स बॅकअप साधने वापरा. बॅकअपचा सर्व्हर कामाच्या यंत्रांपेक्षा वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा असावा आणि तो नेहमीच्या सामाईक लॉगिनला जोडू नये. बोर्गमध्ये आणि रेस्टिकच्या रेस्ट-सर्व्हरमध्ये फक्त भर घालू देणारा पर्याय आहे. तो चालू केला की कामाच्या यंत्रात शिरलेल्याला जुन्या प्रती सहज पुसता येत नाहीत. जुन्या प्रतींची छाटणी मग बॅकअपच्या सर्व्हरवरूनच करायची. याशिवाय एक प्रत सोडवून ठेवलेल्या डिस्कवर, आठवड्यातून एकदा.

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा कायमचा गेला. तो रिकव्हरी कीजच्याच पाकिटात ठेवा.

महिन्यातून एकदा दोन कामे: प्रत्यक्ष डेटा वाचणारी तपासणी चालवणे, आणि कुठलेही एक फोल्डर दुसऱ्याच प्रणालीच्या यंत्रावर परत मिळवून उघडून पाहणे. नुसता ‘यशस्वी’ असा ईमेल येतो म्हणून विश्वासू नका.

## ६. अपडेट लाटांमध्ये सोडा

यंत्रांचे तीन गट करा. पहिल्या गटात प्रत्येक प्रणालीची एक-दोन यंत्रे. त्यांना अपडेट लगेच. दुसऱ्या गटाला २४ तासांनी, उरलेल्यांना ४८ तासांनी. डेबियनवर अनअटेंडेड अपग्रेड्स या आपोआप अपडेट करणाऱ्या साधनाच्या सिस्टिमडी टायमरमध्ये वेळ गटागटाने बदलता येते.

ज्या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू आहे तिच्यासाठी वाट पाहू नका. मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती; ती न लावलेली यंत्रे अडकली.

सुरक्षा सॉफ्टवेअर, दूरस्थ व्यवस्थापनाची साधने आणि प्रिंटरचे ड्रायव्हर यांचे अपडेट कधी कधी स्वतःच्या वाटेने येतात आणि तुमच्या गटांना जुमानत नाहीत. पहिल्या पावलातल्या ‘सर्वोच्च अधिकार’ या रकान्यातले प्रत्येक नाव तपासा आणि त्याला उशीर लावता येतो का ते पाहा. लावता येत नसेल तर ते सॉफ्टवेअर दोन्ही प्रणालींवर बसवू नका.

## ७. लॉगिन आणि चाव्या

दोन प्रणाली उभ्या केल्या आणि दोन्हींवर तोच प्रशासक पासवर्ड ठेवला, तर चोरासाठी ती एकच प्रणाली राहते. प्रत्येक बाजूला वेगळा पासवर्ड, वेगळी एसएसएच की. केंद्रीय लॉगिन बंद पडल्यावर आत शिरता यावे म्हणून प्रत्येक सर्व्हरवर एक स्थानिक आणीबाणीचे खाते ठेवा. पासवर्ड लांब, पाकिटात बंद, आणि वापरला की बदललेला.

माणसांचेही तसेच. दुसरी प्रणाली एकालाच येत असेल तर त्याच्या रजेच्या दिवशी ती नसल्यासारखीच. दोघांना शिकवा आणि सर्व्हर पुन्हा उभारायची कृती कागदावर ठेवा.

## ८. तीन महिन्यांनी सराव

आधी सांगून, कामाचा ताण नसलेल्या वेळी, एक बाजू मुद्दाम बंद करा. पहिल्या सरावात मुख्य डीएनएस सर्व्हरची नेटवर्कची तार काढा. दुसऱ्यात एका प्रणालीची सगळी यंत्रे तासभर बंद ठेवा. तिसऱ्यात मुख्य फाइल सर्व्हर गेला असे धरून बॅकअपवरून काम चालवा.

सरावात हे लिहून घ्या: काय अडले, किती मिनिटांनी सुटले, कोणता पासवर्ड सापडला नाही, कोणते काम दुसऱ्या बाजूला झालेच नाही. बहुधा एखादा प्रिंटर किंवा एखादी विसरलेली स्प्रेडशीट निघते. ती पहिल्या पावलातल्या तक्त्यात नोंदवा, दुरुस्त करा आणि पुढच्या सरावाची तारीख त्याच दिवशी ठरवा.